सुवार्तेच्या कामाला नव्याने लागताना

जय ख्रिस्त दादा. पाच मंडळ्यांनी (चर्चनी) मिळून सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश लोकांना सांगायचं, काम तुमच्याकडे दिलं, छान झालं. पण लगेच सभेचा मंडप घालू नका. मी घातला होता, हडपसरला. खुर्च्यांवर सगळी आपलीच माणसं, आणि केटरिंगचे पैसे फेडता फेडता दुसरा नाताळ उजाडला.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- एकच वस्ती धरा. दापोडी तर दापोडीच, वर्षभर. त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा जा. चहा आला की पत्रकांची पिशवी खाली ठेवा आणि ऐका. एका आजींनी मला तासभर सुनेची गाऱ्हाणी ऐकवली, तिसऱ्या भेटीत त्याच म्हणाल्या, "तुझ्या देवाचं काही सांग की."
- भाषा घरची हवी. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी सोडली नाही. पेटी नि टाळ पुरेत, कीबोर्ड राहू द्या.
- धान्याची पिशवी आणि प्रार्थना एकत्र नेऊ नका. संविधानाचं कलम 25 धर्मप्रसाराचा हक्क देतं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही, आमिष दाखवून तर नाहीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलंय.

आणि हो, शेजारच्या मंडळीची मेंढरं, म्हणजे तिथले सभासद, ओढू नका. सहकार्य मोडतं ते इथेच. (पाळक लोक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बोलत नाहीत, पण मोजतात.)

प्रशिक्षण, अहवाल, बजेट हे सगळं नंतर. आधी प्रत्येक मंडळीतून दोन-दोन जण मागा, त्यात एक तरी बाई हवी. दुपारी दार बाईलाच उघडतं.