आजीची आठवण हॉलमध्ये नाही, रानात काढा

ताई, तुम्ही लिहिलंय, "जुलैत सोलापूरला येतोय, आजीचं वर्षश्राद्ध झालं की हॉल घेऊन फोटोंचा स्लाइडशो करू म्हणतेय. पण मुलांना पणजी म्हणजे फक्त व्हिडिओ कॉलवरचा चेहरा, ती कंटाळतील." कंटाळणारच की हो! आणि तुम्हीच खाली लिहिलंय, "आजी घरात कधी बसलीच नाही, उठली की नान्नजच्या रानात." मग तिला एसी हॉलमध्ये का बसवताय?

वर्षश्राद्ध तिथीला भाऊ करेल, तुम्ही मुलांना घेऊन डिसेंबरात या. जुलैत आपल्याकडचं रब्बीचं रान मोकळं असतं, ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, मग मुलांना दाखवणार काय, ढेकळं? परदेशात राहणारे आपण सगळेच तिथल्या शाळेच्या सुट्ट्या बघून तिथल्या उन्हाळ्यात तिकिटं काढतो आणि गावाचा खरा मोसम चुकवतो, हे मी किती जणांना सांगून दमले.

वेळ अमावस्या हा आपल्याकडचा रानातला सण, मार्गशीर्षातला, बहुतेक वर्षी डिसेंबरात नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवशी रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, घालायची, पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करायची, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन सगळं घर तिथंच जेवतं. माझी आई गेल्यावर आम्ही मुलाला असंच नेलं. मराठी धड बोलत नाही तो, पण मामाने आगटीत गोवऱ्या पेटवून ज्वारीची कणसं भाजली, गरम कणीस त्याच्या तळहातावर चोळून दिलं, तोंडाला राख लागली, शेंगाचटणीने डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने आपणहून विचारलं, आजी कुठे बसायची? मामाने बांधावरचं बोरीचं झाड दाखवलं. तिथून पुढे तासभर तो आजीबद्दलच विचारत होता, फोटो बघून त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

आणि तुमचं तर नान्नज! तिथलं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य १९७९ चं, तुमच्या आजीने त्याच्या आधीपासून तो माळ पायाखाली घातलेला. माळढोक आता दिसणं फार अवघड, पण काळवीट दिसतील, पहाटे जा, वनखात्याची परवानगी आधी घ्या. शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना आजीच्या गोष्टी विचारा, फोनवर रेकॉर्ड करा, मुलांना शेजारी बसवून. ती माणसंही थांबणार नाहीत हो आपल्यासाठी, हे कळत असून आपण पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करतो, याचंच वाईट वाटतं.

बाकी, आजीच्या पाटल्या कुणाला द्यायच्या हे आईला ठरवू द्या. भाऊ शेत विकायचं म्हणतोय त्याचं फोनवर उरकू नका, सातबारा काढा, वकिलाला भेटा, पण यंदाची कोप होईपर्यंत थांब म्हणावं त्याला. आणि तिकिटं आजच बघा, ख्रिसमसचे भाव तुम्हाला माहितीच आहेत.