हुकलेला हप्ता

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा उद्यमनगरातनं निघताना तुझा चेहरा पार उतरला होता. मशिनचं कोटेशन तयार, गाळा ठरलेला, पहिलं काम हातात, आणि बँकेनं ‘सिबिल कमी आहे’ म्हणून, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरनं मिळालेले गुण कमी म्हणून, फाईल परत केली. तू म्हणालास, ‘काका, मी कधी कुणाचा रुपया बुडवला नाही.’ मला ते ठाऊक आहे. म्हणूनच तू ठेवून गेलेला सिबिलचा रिपोर्ट मी रात्री दोनदा वाचला.

त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन आहेत, मागच्या ३६ महिन्यांचे. हप्ता वेळेवर गेला की चौकोनात शून्य, थकला की जितके दिवस थकला तितका आकडा. तुझ्या मोबाईलच्या कर्जाखाली शेवटचे दोन आकडे ३२ आणि ६३ आहेत. तू नोकरी बदललीस, पगाराचं खातं बदललं आणि जुन्या खात्यातनं कापला जाणारा हप्ता तसाच राहिला. महिना १,४५० रुपये. एवढ्याशा पैशासाठी दहा लाखांचं कर्ज अडलं याचं तुला वाईट वाटतंय, पण त्या चौकोनात लिहिले जातात ते दिवस.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर नुसत्या शब्दावर उचल आणायचे. अडत्याला आमचं घर, शेत, आजोबा सगळं माहीत होतं. आज बँकेतला साहेब बदलीवर आलेला, दोन वर्षांत जाणारा. त्यानं तुझी पत कशावरनं ओळखायची? त्याच्यापुढं सिबिलच्या गुणांचा, ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो. ७५० च्या वर असला की त्याचा हात सैल सुटतो. व्याजही त्यावर ठरतं. दहा लाख पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतलेस तर हप्ता सुमारे २१,००० बसतो, बारा टक्क्यांनी २२,२४४. पाच वर्षांत चौऱ्याहत्तर हजारांचा फरक. तेवढ्यात तुझी किती हत्यारं येतील, हिशेब कर.

आता माझं ऐक, हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या एका जिवलग मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो. चहा पिता पिता सही केली, कागद वाचलासुद्धा नाही. त्याचा धंदा बसला, हप्ते थकले, आणि मला ते कळलं घराच्या कर्जाला गेलो तेव्हा. त्याची थकबाकी माझ्याही रिपोर्टात लागली होती. घर तीन वर्षं लांबलं. तुझी काकू त्या तीन वर्षांत एका शब्दानं बोलली नाही, याचंच मला जास्त लागलं. तुझ्याकडंही सहीसाठी कुणीतरी येणारच. त्याचं कर्ज स्वतः फेडायची तयारी असेल तरच पेन उचल.

वसुलीवाल्याचा फोन आला होता म्हणालास, ‘निम्मे भरा, सेटल करून टाकतो.’ अजिबात करू नकोस. ‘सेटल्ड’ हा शेरा म्हणजे पैसे पूर्ण आले नाहीत, असं बँक वाचते. सगळी थकबाकी दंडासकट भर आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं, पत्र घे. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती निदान दर पंधरवड्याला सिबिलला कळवतात, त्यामुळं भरणा लवकर दिसेल. जुने आकडे मात्र लगेच पुसले जाणार नाहीत. त्यांच्यापुढं शून्यं साठवत जायचं. तोवर रागानं चार बँकांत अर्ज टाकत फिरू नकोस, प्रत्येक चौकशीची नोंद होते. आपला रिपोर्ट आपण पाहिला तर गुण कमी होत नाहीत, आणि वर्षातनं एकदा तो फुकट मिळतो.

रिपोर्टात दिसणारं ते दुसरं क्रेडिट कार्ड तुझं नाहीच म्हणतोस. मग लेखी तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

शनिवारी चारला घरी ये. जुन्या खात्याचं पासबुक आण. कोटेशनची मुदत वाढवून मिळते का, ते मी मशिनवाल्याला विचारून ठेवतो.

तुझा,
काका