धूमकेतू पतंग की चांद्र पतंग?

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी आपण छायाचित्रात टिपलेल्या फिकट हिरव्या, लांब शेपटीच्या पतंगाला मादागास्करचा धूमकेतू पतंग म्हणणे ही नवख्याची स्वाभाविक चूक असली, तरी तो पतंग निसर्गतः त्या बेटाबाहेर आढळत नाही. त्याचा रंग झळझळीत पिवळा असतो आणि नराच्या शेपट्या सुमारे १५ सेंटिमीटर भरतात. आपल्याला दिसला तो त्याचाच भाऊबंद, चांद्र पतंग. पुढच्या वेळी पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके आणि मिशा जवळून टिपाव्यात. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. दोन्ही जातींच्या प्रौढांना अन्न घेता येत नाही व आयुष्य जेमतेम आठवड्याचे असते, त्यामुळे साखरपाण्याची वाटी ठेवणे (मीही ठेवली होती!) व्यर्थ आहे. त्याऐवजी, पतंग ज्याकडे ओढला जातो तो दिवा मालवावा.