तीन जबडे की चार?

प्रश्न: घरी छोटा लेथ घेतला आहे. सोबत ८० मिमीचा तीन जबड्यांचा चक (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडणारा भाग) आला. पितळी नॉब आणि बुश करतो, पण जॉब उलटा धरला की डोलतो. चक खराब आहे का? दुसरा घ्यायचा तर चार जबड्यांचा घेऊ की कॉलेट (जॉबाभोवती आवळणारी चिरांची नळी)?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: चक बहुतेक ठीकच आहे. त्याच्या आत एकच चकती असते नं, तिच्या आट्यांवर तिन्ही जबडे एकदम सरकतात. चावी फिरवली की काम झालं, पण त्या आट्यांत असलेली चूक तुमच्या हातात नसते. साध्या चकात डायलवर, म्हणजे डोल मोजायच्या काट्यावर, ०.०५ ते ०.१० मिमी दिसलं तर मी तक्रार करत नाही. व्यास, तोंड, भोक सगळं एकाच पकडीत उरकून शेवटी जॉब पार्टिंगने (कापायच्या पातळ हत्याराने) तोडा. मग ही चूक जॉबात उतरतच नाही. साफसफाईसाठी जबडे काढले होते का? १, २, ३ हे आकडे खाचांच्या आकड्यांशी जुळवून त्याच क्रमाने बसवावे लागतात.

विकत घ्यायचा तर आधी चार जबड्यांचा, प्रत्येक जबडा वेगळा सरकणारा. हिंगण्याच्या एमआयडीसीत शिकाऊ होतो तेव्हा एक जॉब ट्रू करायला, म्हणजे बरोबर मध्यावर आणायला, मला पाऊण तास लागला होता आणि उस्ताद शेजारी उभं राहून चहा पीत होते. युक्ती एवढीच, की समोरासमोरचे दोन जबडे एक जोडी समजायचे. डायल एका जबड्यापाशी ०.४० आणि समोर ०.१० दाखवत असेल तर फरक ०.३०; जॉब त्याच्या निम्मा, म्हणजे ०.१५ सरकवायचा. उंच बाजूचा जबडा आवळायच्या आधी समोरचा किंचित सैल करा, मग दुसरी जोडी. आठवडाभरात हात बसतो. चौकोनी पट्टी, ओबडधोबड ओतीव तुकडा, मध्यापासून बाजूला भोक, हे सगळं याच चकात होतं.

कॉलेटची पकड सुरेख, पितळेवर ओरखडा उठत नाही. पण ईआर-३२ या प्रकारचा एक कॉलेट साधारण १ मिमीच आवळतो, म्हणजे अख्खा संच घ्यावा लागतो. एकाच मापाचे पन्नास नॉब करायचे असतील तेव्हा बघू.

दुकानात जाताना स्पिंडलच्या फ्लँजचं (लेथच्या फिरत्या दांड्यावरच्या, चक बसतो त्या कडेचं) माप आणि बोल्टमधलं अंतर लिहून न्या. मी एकदा घाईत जुना १०० मिमीचा चक उचलला, भोकंच जुळेनात. मागची प्लेट करण्यात तीन रविवार गेले, घरची बोलणी वेगळी.

प्रश्न: लकडगंजातून सागाचे तुकडे आणून वाट्या करते. धातूच्या चकात लाकडावर खुणा पडतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, तुम्हालाही चार जबड्यांचाच चक लागेल, पण लाकूडकामाचा. त्याचे चारही जबडे एकत्र सरकतात. दुकानदाराला हा फरक सांगा, नाहीतर वरच्या उत्तरातला वेगवेगळ्या जबड्यांचाच गळ्यात मारेल. वाटीच्या बुडाला गोल खुंटी ठेवा, जबड्यांच्या उताराला जुळेल अशी तिरकी. खुंटीचं टोक चकाच्या तळाला टेकू देऊ नका. वाटीचा खांदा जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे. आणि लाकूड ओलं असेल तर आपल्या मे महिन्यात खुंटी चार दिवसांत लंबगोल होते. पुन्हा धरण्याआधी ती गोल करून घ्या.