वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातील नैराश्य आणि मुलांची भावनिक घडण

प्रश्न : माझी मुलगी ४ वर्षांची आहे. ती पोटात असताना पाचव्या महिन्यापासून मला नैराश्याने ग्रासले होते. निदान आणि उपचार मात्र प्रसूतीनंतरच झाले. मुलगी हुशार आहे, पण अनोळखी माणसे आणि मोठे आवाज यांना ती पटकन घाबरते आणि एकदा रडू लागली की शांत व्हायला तिला बराच वेळ लागतो. आईच्या नैराश्याचा परिणाम गर्भाच्या मेंदूवर होतो, असे अलीकडे वाचनात आले. हा परिणाम नेमका कसा होतो? मुलीचा स्वभाव माझ्या आजारामुळे असा झाला, असे समजावे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : तसे समजू नये. एखाद्या मुलाचा स्वभाव अमुक एका कारणाने घडला, हे दाखवणारी कोणतीही तपासणी उपलब्ध नाही, आणि ज्यांच्या आईला कधीही नैराश्य आलेले नाही अशी कितीतरी मुले या वयात आपण वर्णन केले आहे तशीच वागतात. पहिला प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागणारा आहे.

ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस, पिट्युटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कामाला लागते आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात उतरते. गरोदरपणात त्याचे प्रमाण पूर्णपणे निरोगी स्त्रीच्या रक्तातही शेवटच्या तिमाहीपर्यंत दुपटीहून अधिक वाढते, कारण गर्भाची फुप्फुसे आणि इतर अवयव परिपक्व होण्यासाठी ते आवश्यक असते. म्हणजे कॉर्टिसोल हे विष नव्हे. ते किती आणि केव्हा पोहोचते, हा प्रश्न आहे. गर्भाला त्याचा अतिरेक होऊ नये म्हणून वारेत एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) असते, जे आईकडून येणाऱ्या कॉर्टिसोलचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकते. ज्या स्त्रियांना गरोदरपणात तीव्र चिंता होती, त्यांच्या वारेत या विकराच्या जनुकाचे काम मंदावलेले काही संशोधकांना आढळले आहे. तसे झाल्यास आईच्या रक्तातील कॉर्टिसोल न वाढताही गर्भापर्यंत त्याचा अधिक अंश जाऊ शकतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नैराश्य असलेल्या अनेक गरोदर स्त्रियांच्या रक्तात कॉर्टिसोल इतरांपेक्षा फारसे जास्त सापडतच नाही, आणि ‘ताण म्हणजे कॉर्टिसोल’ हे लोकप्रिय समीकरण तेथे अपुरे पडते. शरीरातील सौम्य पण दीर्घकाळ चालणारा दाह हा दुसरा संभाव्य मार्ग मानला जातो. खाणे, झोप, धूम्रपान यांवर नैराश्याचा होणारा परिणाम हा तिसरा. तो साधा वाटतो म्हणून त्याची चर्चा कमी होते, पण त्याचा वाटा लहान नसावा, असे माझे मत आहे.

गर्भाकडे पोहोचणाऱ्या या संकेतांचे पुढे काय होते, याविषयी दोन अभ्यास येथे सांगण्याजोगे आहेत. शेवटच्या तिमाहीत नैराश्याची लक्षणे असलेल्या मातांच्या नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तपासणी कॅनडातील संशोधकांनी केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉर्टिसोलचा संदेश पेशींना ग्रहण करता यावा यासाठी जो ग्राहक लागतो, त्याच्या जनुकावर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा या बाळांमध्ये अधिक होत्या, आणि ज्यांच्यात त्या अधिक होत्या त्यांची कॉर्टिसोलची प्रतिक्रिया ३ महिन्यांच्या वयात अधिक तीव्र होती. जनुकाची रचना यात बदलत नाही. ते किती वाचले जावे, एवढेच बदलते. दुसरा अभ्यास सिंगापूरचा. भय आणि धोक्याची जाणीव यांच्याशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या मेंदूतील छोट्या भागाची जन्मानंतर लगेच प्रतिमा घेतली असता, नैराश्याची लक्षणे अधिक असलेल्या मातांच्या बाळांमध्ये उजव्या अमिग्डालाच्या सूक्ष्म रचनेत फरक दिसला. आईच्या संगोपनाचा परिणाम होण्यापूर्वीच हा फरक दिसला, म्हणून तो लक्षणीय ठरतो.

आता याच चित्राची दुसरी बाजू. आई मुलाला गर्भाशय देते तशी जनुकेही देते, आणि नैराश्याकडे व चिंतेकडे असलेला कल काही प्रमाणात आनुवंशिक असतो. दोन्हींचा प्रभाव वेगळा कसा करायचा? ब्रिटनमधील संशोधकांनी त्यासाठी एक चतुर मार्ग शोधला : कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेली जी मुले आईच्या स्वतःच्या बीजापासून झाली होती आणि जी दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या बीजापासून झाली होती, त्यांची तुलना. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गरोदरपणातील ताणाचा जन्मवजनाशी असलेला संबंध दोन्ही गटांत दिसला. म्हणजे तो केवळ जनुकांचा नव्हता. मात्र मुलांमधील चिंतेचा संबंध बव्हंशी आईच्या जन्मानंतरच्या, चालू मनःस्थितीशी होता. वृत्तपत्रांतील मथळ्यांत हा दुसरा निष्कर्ष सहसा येत नाही.

इंग्लंडमधील एव्हन परिसरात १९९१-९२ च्या सुमारास १४ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांपासून सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, गरोदरपणात आईला असलेल्या नैराश्याचा मुलांच्या १८व्या वर्षीच्या नैराश्याशी स्वतंत्र संबंध आढळला. तो खरा आहे, पण माफक आहे. त्याच अभ्यासात गरोदरपणात सर्वाधिक चिंता असलेल्या मातांच्या मुलांमध्ये भावनिक व वर्तनविषयक समस्यांचे प्रमाण शेकडा सुमारे १२ होते, तर इतर मुलांमध्ये ते ६ च्या आसपास होते. धोका दुप्पट झाला, हे यावरून म्हणता येते. आणि शेकडा ८८ मुलांना तशी समस्या नव्हती, हेही त्याच आकड्यांवरून म्हणता येते.

जन्मानंतर काय घडते, यालाही मोठे वजन आहे. लहान बाळाला आई पहिल्या काही आठवड्यांत वारंवार कुरवाळत असेल, तर गरोदरपणातील नैराश्य आणि बाळाची भीती व चिडचिड यांच्यातील संबंध क्षीण होतो, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात दिसले. आपल्या मुलीबाबतीत ते आठवडे मागे पडले असले, तरी भावना आवरण्याची मेंदूची क्षमता किशोरवयाच्या पुढेही घडत असते. ती घाबरली असता ‘घाबरण्यासारखे काय आहे’ असे न म्हणता तिच्या भीतीला नाव द्यावे, शांत होईपर्यंत जवळ बसावे, आणि नव्या माणसांशी ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. भीतीमुळे झोप, खेळ किंवा शाळा सतत अडत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. आणि आपला स्वतःचा उपचार अर्धवट सोडू नये. आईचे नैराश्य ओसरले की मुलांची लक्षणेही घटतात, हे थेट पाहिले गेले आहे.

प्रश्न : माझी पत्नी ६ महिन्यांची गरोदर असून नैराश्यावरील गोळ्या घेत आहे. बाळासाठी त्या बंद कराव्यात, असे घरातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : गोळ्या अचानक आणि परस्पर बंद करू नयेत. नैराश्यावरील सर्वसाधारण गोळ्या गरोदरपणात सुरू ठेवाव्यात की नाही, हा निर्णय औषधाचा धोका आणि आजाराचा धोका एकमेकांसमोर ठेवून घ्यावा लागतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे आजार काही निरुपद्रवी नसतो. औषध सोडलेल्या स्त्रियांमध्ये आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण, विशेषतः पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेले असेल तर, बरेच असते. काही नवजात बाळांना पहिले काही दिवस चिडचिड किंवा थरथर जाणवते. ती बहुधा आपोआप जाते, पण प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना औषधाची माहिती असावी. व्हॅल्प्रोएटसारखी काही मानसोपचारातील औषधे मात्र गरोदरपणात खरोखरच घातक आहेत. त्यामुळे प्रसूतितज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रत्येक गोळीचा विचार करणे आवश्यक आहे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात संवादावर आधारित उपचार औषधाविनाही चांगले उपयोगी पडतात. ज्येष्ठांची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु ‘बाळासाठी आनंदी राहा’ या सल्ल्याने आजारी स्त्रीवर अपराधीपणाचे आणखी एक ओझे पडते.

प्रश्न : गरोदरपणात थकवा, झोपमोड आणि रडू येणे हे तर सर्वांनाच होते. मग नैराश्य ओळखायचे कसे?

उत्तर : नेमक्या याच अडचणीमुळे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एडिनबर्ग प्रश्नावली उपयोगी ठरते. तिच्यात थकवा, भूक किंवा वजन यांविषयी काहीही विचारलेले नाही. गेल्या ७ दिवसांत हसू येते का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, विनाकारण स्वतःला दोष दिला जातो का, असे १० प्रश्न आहेत आणि एकूण गुण ३० पर्यंत जातात. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नाही; डॉक्टरांशी बोलण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे असेल, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि तोवर त्या स्त्रीला एकटे सोडू नये.