चार्ज किती भरायचा? एक रुपयाही नाही

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं पत्र डोळ्यांपुढं आलं. आप्पांचं कर्ज फिटलं, बँकेनं इंग्रजीत पत्र दिलं, त्यात जमिनीवरचा 'अवर चार्ज' (म्हणजे 'आमचा चार्ज') काढून घ्या म्हटलंय, आणि तुम्ही विचारताय की हा चार्ज किती आणि कराडात कुठं भरायचा. हा भरायचा चार्ज नाहीच, उतरवायचा आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात जो बोजा दिसतो, ज्याला आपण इकरार म्हणतो, तो.

उतारा कसा काढायचा वगैरे तुम्हाला येत असणारच, ते सोडतो. मी कुठं आपटलो ते सांगतो.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग. मांडवाचं कर्ज बेदाण्याच्या पैशातून फेडलं आणि असंच पत्र हातात आलं. मी बीकॉम, इंग्रजी वाचता येतं याचा माज. चार्ज म्हणजे फी, एवढंच डोक्यात. खिशात पाचशेच्या दोन नोटा घालून शाखेत गेलो (नाव लिहीत नाही, त्यांच्याशी अजून व्यवहार आहे). काउंटरवर विचारलं, "साहेब, चार्ज किती राहिलाय?" त्यानं स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "काही चार्ज नाही. क्लिअर आहे." मी खूश. येताना भडंग घेऊन घरी.

तो खोटं बोलला नाही. तो फीचं सांगत होता, पत्र बोज्याचं सांगत होतं, आणि मध्ये मी शहाणा.

अकरा महिन्यांनी थोरलीच्या शिक्षणासाठी रस्त्याकडेचे वीस गुंठे विकायला काढले. विसार घेतला. खरेदीखताच्या मसुद्यात नेहमीची ओळ होती, 'मिळकत निर्वेध व बोजारहित आहे'. घेणाऱ्याच्या वकिलांनी ताजा उतारा पुढं सरकवला आणि इतर हक्कावर बोट ठेवलं. बँकेचा बोजा जसाच्या तसा. पत्र घेऊन तलाठ्याकडं पळालो, तर पत्रात गट नंबरच चुकलेला. दुरुस्त करून आणा म्हणाले. शाखेत गेलो, तर उत्तर काय मिळावं? "जुने साहेब बदलून गेले, नवीन साहेबांनी अजून चार्ज घेतला नाही."

तिथं उभ्या उभ्या मला हसू फुटलं. शिपाई बघायला लागला. मग सोमवारी या, पुढच्या सोमवारी या. गिऱ्हाईक थांबलं नाही, विसार परत दिला, आणि पुढं तीच जमीन पडत्या भावात गेली. चूक माझीही होती, पण कर्ज देताना मराठीतून समजावून सह्या घेणाऱ्यांना फेडल्यावरच इंग्रजी कसं सुचतं, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर या शब्दाच्या मागंच लागलो. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत चार्ज. जहाजातला कार्गो याचाच भाऊबंद. म्हणजे मुळात ओझंच! बंदुकीत दारू भरली की चार्ज, मोबाइलमध्ये वीज भरली की चार्ज, खुर्चीची जबाबदारी अंगावर आली की चार्ज, आरोप ठेवला की चार्ज, खात्यावर रक्कम नावे टाकली की चार्ज. लाठीचार्जमधला अंगावर धावून जाण्याचा, तोही याच घरातला, फक्त अर्थानं लांब गेलेला. तलाठी दप्तरातला 'बोजा' हा शब्द त्या मूळ अर्थाच्या किती जवळ आहे बघा, आणि मी तो सोडून फी धरून बसलो.

ओझं उतरलं की डिस्चार्ज. पावसाळ्यात मात्र सांगलीकराला डिस्चार्ज म्हटलं की दवाखाना आठवत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सुटले का, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, हे आठवतं.

आणखी एक खोड. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट, पण खरेदीखतात 'फ्री फ्रॉम ऑल चार्जेस' आलं तर बोजारहित. जमीन फुकट देताय असा अर्थ काढू नका. (माझ्या मेव्हण्यानं काढला होता.)

आता कामाचं. मी वकील नाही, माझ्यापुरतं सांगतो. बेबाकी दाखला (कर्ज काही बाकी नाही असा) वेगळा आणि बोजा कमी करण्याचं पत्र वेगळं. दोन्ही मागा. पत्रात गट नंबर, आप्पांचं पूर्ण नाव आणि बोजा चढवतानाचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) नंबर आहे का, ते खुर्चीवरून उठायच्या आधी वाचा. मग तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर करा. फेरफार धरला जातो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बँकेनं टाळाटाळ केली तर रिझर्व्ह बँकेचा नियम ऐकवा (तो वैयक्तिक कर्जांसाठी काढलेला आहे, आप्पांच्या कर्जाला लागतो का ते आधी विचारा): 1 डिसेंबर 2023 पासून पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला चार्ज काढायचा, त्यांच्यामुळं उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. भरपाई पदरात पडेल असं मी म्हणत नाही, पण लेखी अर्जात हे वाक्य असलं की फाइल हलते. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.

आणि दोन्ही कार्यालयांत 'चार्ज' हा शब्दच काढू नका. "इकरार कमी करायचाय" म्हणा.

कर्जाला किती गट लावले होते तेही आप्पांना विचारून घ्या. आमच्या बागेच्या उताऱ्यावरून बोजा गेला म्हणून मी पेढे वाटले, आणि विहिरीच्या गटावर तो तसाच होता. पुन्हा सोमवारी गेलो.