पहिलीच गाडी मोठी एसयूव्ही घेतोयस? जरा थांब

भावा, उंच बसलं की सगळं दिसतं असं मलाही वाटायचं, पण दिसतं ते लांबचं, बोनेटच्या पुढ्यातलं नाही. टेस्ट ड्राइव्हआधी सीटवर बस आणि कुणाला तरी समोर पाण्याची बाटली ठेवून हळूहळू लांब सरकवायला सांग, ती दिसायला लागेपर्यंत जेवढी जागा जाते ना तेवढ्यात एखादं लहान पोर आरामात लपतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात 40 इंचांहून उंच बोनेटच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटपेक्षा साधारण 45 टक्के जास्त निघाली. टायर, पेट्रोल, पार्किंगची कटकट वेगळीच. रोज एकटाच ऑफिसला जाणार ना, मग हॅचबॅक बघ, कधीतरी सामान न्यायचंच झालं तर मोठी भाड्याने मिळते की.